मार्च, कोलशेत आणि माझा अंगठा

कोलशेतच्या सुमन भोईर यांचा म्हणून जो तक्रारअर्ज विधानसभेत वाचला गेला, तो मी लिहिला होता. त्याच्या खाली जो अंगठा उमटलाय तोही माझाच, डाव्या हाताचा. हे मी आजवर तोंडाने कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्यांच्यासाठी ही सगळी खटपट केली त्या गायकवाड साहेबांना तर नाहीच. सुमनताईंना ते कळलं, पण मी सांगितलं म्हणून नव्हे.

मार्च लागला की हे वर येतं. मी पालिकेच्या करवसुली खात्यात आहे आणि आमच्याकडे वर्षाचे दोनच भाग असतात, मार्च आणि उरलेलं वर्ष. मार्चमध्ये रजा बंद. रविवारी भरणा खिडक्या उघड्या, गुढीपाडव्यालासुद्धा. घरी गुढी बायको उभारते आणि मी कडुलिंबाचं पान चावत चावतच बाहेर पडतो. पण खरं सांगू, मला हा महिना आवडतो. अकरा महिने कागदावर दिसणारी घरं या एका महिन्यात डोळ्यांना दिसतात. माझ्याकडे त्या वेळी कोलशेत गाव आणि त्याच्या भोवती उगवलेल्या इमारती होत्या. सकाळी ओहोटी असली की खाडीकडून चिखलाचा ओला, जड वास यायचा. अंगणाअंगणात जवळा वाळत घातलेला, त्यावर जुनं जाळं पसरलेलं, जाळ्यावर मांजर डोळे मिटून बसलेली. एखाद्या कुंपणाआड आंब्याला उशिराचा मोहोर. गल्लीच्या टोकाला टॉवर सुरू व्हायचे आणि लिफ्टमध्ये शिरलं की एकदम फरशी पुसायच्या फिनाइलचा गारवा. एका तासात मी दोन गावं फिरून यायचो.

आणि ढोल. बाहेरच्यांना हे खोटं वाटतं, पण मोठा थकबाकीदार असला की आम्ही त्याच्या दारात ढोल वाजवायचो. वाजवणारे लग्नाच्या बँडमधलेच, मार्चमध्ये मुहूर्त कमी म्हणून आमच्याकडे येणारे. त्यांचा म्होरक्या बंड्या दर वेळी अगदी मनापासून विचारायचा, "साहेब, वरातीचं वाजवू की विसर्जनाचं?" एकदा एका फर्निचरच्या दुकानासमोर वाजवायला सुरुवात केली, तर मालक गल्ला सोडून बाहेर आला, दोन्ही हात वर करून नाचला, बंड्याच्या डोक्यावरून शंभराची नोट ओवाळून टाकली आणि परत आत जाऊन बसला. कर भरला नाही तो नाहीच. बंड्या म्हणाला, "माणूस मनाने मोठाय साहेब, तुम्हीच समजून घ्या."

सगळं सुरू झालं ते या ढोलामुळेच. गायकवाड साहेब आमचे कर निरीक्षक. उंच, किंचित वाकलेले, शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि रिटायर व्हायला अडीच महिने राहिलेले. राहायला कोपरीत, स्टेशनच्या पूर्वेला. एक दिवस आम्ही त्यांच्याच कोपरीत एका गाळ्यासमोर ढोल लावला होता. वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत एक बाई आल्या, हातात लाटणं तसंच.

"अहो, तुमच्या ढोलाला ऐकू येतं का?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी बंड्याला थांबवलं. "बोला ना ताई."

"हा समोरचा दिवा दोन महिने बंद आहे. माझे सासरे परवा अंधारात पडले. कुठे सांगू?"

साहेबांनी हातातल्या नोटिशीच्या मागे ते लिहून घेतलं. बाई खाली वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "आता पोच द्या."

"पोच मला देता येत नाही, ताई. मी करखात्याचा."

"वा. पैसे घेतले की पावती देता. गाऱ्हाणं घेतलं तर का नाही?"

बंड्या खो खो हसला. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायच्या आधी त्यांनी टेबलावर पालिकांच्या कायद्याचं जाडजूड पुस्तक ठेवलं.

त्यांचं म्हणणं सोपं होतं. गावात, इमारतीत, चाळीत, प्रत्येक दारापर्यंत पालिकेचा एकच माणूस जातो, तो म्हणजे करवाला. तर त्यानेच तक्रार लिहून घ्यावी, तिथल्या तिथे पोच द्यावी, आणि ठरावीक दिवसांत त्या पोचेवर उत्तर मिळणं बंधनकारक असावं. परिपत्रक नको, कारण परिपत्रकं नव्या साहेबाबरोबर बदलतात. कायद्यातच कलम हवं. आम्ही सोळा वसुली लिपिक भाजी-पोळी खात ऐकत होतो. आमच्यातला सावंत, तोंडाचा तिखट पण कामाला वाघ, म्हणाला, "साहेब, आत्ता लोक शिव्या तोंडी देतात. उद्यापासून लेखी घ्यायच्या?"

"हो. आणि पोच द्यायची," साहेब म्हणाले.

त्या मार्चचे ते पंधरा-वीस दिवस मला अजून मोकळ्या हवेसारखे आठवतात. सकाळी वसुली, दुपारी मसुदा. ज्यांनी आयुष्यभर 'सदर मिळकतधारकास कळविण्यात येते की' यापलीकडे काही लिहिलं नव्हतं, ते आम्ही कायदा लिहायला बसलो होतो. कोणीतरी मसुद्यात 'शक्यतो' हा शब्द घातला तर साहेबांनी तो इतक्या जोरात खोडला की कागद फाटला. आमच्या कर्मचारी संघटनेच्या वतीने आम्ही चौघं आमच्या भागातल्या एका आमदारांकडे गेलो. अर्थसंकल्पाचं अधिवेशन चालू होतं. आमची वसुली आणि त्यांचं अधिवेशन एकाच महिन्यात येतं हे तोवर माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आमदार घाईत होते, पण शेवटपर्यंत वाचलं त्यांनी. म्हणाले, "कल्पना चांगली आहे. पण मला भाषण नका देऊ, कागद द्या. लोकांच्या सहीचे. बाकी मी बघतो."

म्हणून ठरलं, प्रत्येकाने आपापल्या भागातून चाळीस तक्रारी आणायच्या. खऱ्या माणसांच्या, त्यांच्या शब्दांत, त्यांच्या सहीने. मुदत आठ दिवस.

इथे माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी अबोल माणूस. कर मागणं मला जमतं, कारण त्यात समोरच्याने बोलायची गरज नसते. दार उघडतं, मी 'बिल' म्हणतो आणि जिन्याकडे तोंड करून उभा राहतो. पण 'तुमची अडचण काय' असं विचारलं की माणसं बोलतात. खुर्ची देतात, पाणी आणतात, मुलाच्या नोकरीपासून सुरुवात करतात. मला ते सोसत नाही. मी त्यांच्यासाठी काही करू शकणार नाही हे माहीत असताना त्यांच्या डोळ्यांत बघत बसणं मला फार अवघड वाटतं.

सुमनताई भोईर यांच्या घरी मी त्या आठवड्यात तीनदा गेलो. साठीच्या आसपासच्या, खमक्या बाई, मासळी विकणाऱ्या. बाजारातून परतून नुकत्याच टेकलेल्या असायच्या, पाटी उपडी घालून ठेवलेली, दारात पाणी मारलेलं. "बस रं बिलवाल्या. पानी पी. तुना येक सांगाचा हाय," असं त्या पहिल्या दिवशी म्हणाल्या. मी म्हटलं, पुढच्या वेळी, ताई. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या नुसत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजा ढोल तरी थांबतो रं थोडा. तू काय थांबत नाय."

आठ दिवसांत माझे झाले नऊ अर्ज. उद्या चाळीस द्यायचे, असा तो रविवार. माझी पाळी दुपारनंतरची होती, म्हणून सकाळी डोंबिवलीत घरीच होतो. बायकोने, मीनाने, गच्चीवर बटाट्याचे पापड घातले होते आणि मला कावळे राखायला बसवलं होतं. मी छत्री उघडून, मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलो आणि एकतीस अर्ज लिहून काढले. नावं बिलाच्या रजिस्टरातली, पत्ते खरे, तक्रारी माझ्या. मनात म्हटलं, यातलं खोटं असं काय आहे? या भागात मी पंधरा वर्षं फिरतोय, लोकांना काय त्रास आहे ते मला ठाऊक नाही का? कुठे पाणी कमी, कुठे कचरा, कुठे रस्ता. सह्या उजव्या हाताने, डाव्या हाताने, तिरक्या, गोल, सगळ्या केल्या. मधूनमधून कावळ्यांना हाकललं. मला मजा येत होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तोंडाने न बोलणारा माणूस त्या दिवशी एकतीस तोंडांनी बोलत होता.

सुमनताईंच्या नावाने मी गटार लिहिलं. आणि त्यात एक वाक्य मला इतकं झकास सुचलं की मी ते दोनदा वाचलं. 'कर थकला तर आमच्या दारात ढोल वाजतो, गटार तुंबलं तर पालिकेच्या दारात आम्ही काय वाजवायचं?' खाली सही करायला पेन टेकवलं आणि थांबलो. मासळी विकणारी म्हातारी बाई; सही कुठली येणार. पिशवीतल्या ऑफिसच्या शाईपॅडवर अंगठा दाबला आणि उमटवला.

मीना वर आली तर म्हणाली, "अंगठा निळा कशाने झाला?"

"शाईपॅड ओलं होतं."

"मग त्या हाताने पापड उलटू नकोस."

ढोलाचं ते वाक्य आमदारांनी सभागृहात वाचलं. आम्ही सगळे ऑफिसात सावंतच्या मोबाईलभोवती घोळका करून उभे होतो. सभागृह हसलं, दोन्ही बाजूंनी हसलं. मंत्री उठून म्हणाले की, विषय गंभीर आहे, चार सदस्यांची समिती जागेवर जाऊन पाहणी करेल. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ठेवला. "पेठे, तुम्ही ऐकून घेतलंत तिचं. ह्याला कान लागतात," असं म्हणाले. माझे कान त्या वेळी असे तापले होते की काय सांगू.

समिती शनिवारी कोलशेतला आली. मी आदल्या दिवशी जाऊन सुमनताईंना सगळं सांगू शकलो असतो. गेलो नाही. ऊन भाजत होतं, अंगणात चार प्लास्टिकच्या खुर्च्या, गल्लीत गर्दी. आमदार मंडळींबरोबर एक अधिकारी होते, त्यांच्या हातात तो अर्ज. त्यांनी तो वाचून दाखवला. सुमनताई पदराला हात पुसत ऐकत होत्या. गटार आलं तशा त्यांनी भुवया वर केल्या. ढोल आला तेव्हा त्यांनी हळूच मान वळवली आणि गर्दीत मला शोधून काढलं.

"हा अर्ज तुमचाच ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "आणि हा अंगठा?"

त्यांनी कागद हातात घेतला. चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. साहेब माझ्या शेजारी उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून.

"हां, माजाच," त्या म्हणाल्या. "त्या रोजी हाताना मासली लागलेली. सही कशी करू? म्हनून दिला अंगठा."

लोक हसले. अधिकाऱ्यांनी कागदावर खूण केली. मग सुमनताईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पन साहेब, आता आलाच हाव तर आयका. गटाराचा काय, ते आमी काठीनं पन ढकलतो. गावात तुमचा दवाखाना हाय ना, तो सकाली नऊला उगडतो नि येकला बंद. त्या येलेला गावातली येक तरी बाई घरान असते का? आमी सगल्या बाजारान. परतून येतो तवर कुलूप. माजे सुनेला सातवा म्हयना हाय. तिना तपासाला नेवाचा तर मना धंदा बुडवावा लागतो. दुपारचं दोन तास उगडा. डॉक्टर नको जास्तीचा, तोच बसू दे."

मी ते ऐकत उभा होतो. पंधरा वर्षं मी त्या दवाखान्यावरून गेलो होतो, दर वेळी कुलूप पाहिलं होतं, आणि कुलूप म्हणजे काय हे मला सुचलं नव्हतं. गच्चीवर बसून मी एकतीस माणसांना जे दिलं ते सगळं नळ, गटार आणि रस्ता होतं. वेळ कोणी मागेल हे माझ्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं.

अधिकारी चांगले होते. अदबीने म्हणाले, "मावशी, आजची पाहणी अर्जातल्या विषयापुरती आहे. हे वेगळं द्या." आणि पेनाचं टोपण लावलं.

त्या क्षणी मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं, की अर्ज माझा आहे आणि यांचं म्हणणं हे आहे. म्हटलं असतं तर समितीसमोर एक कागद खोटा ठरला असता, मग चाळीस, मग सगळ्यांचेच सहाशे चाळीस. साहेबांचं कलम तिथेच, त्या अंगणात संपलं असतं. असं मी स्वतःला सांगत आलोय आणि ते खरंही आहे. पण मला फक्त साहेबांची काळजी होती असं नाही. मला माझीही होती. मी गप्प राहिलो, जसा नेहमी राहतो.

गर्दी पांगल्यावर सुमनताई जवळ आल्या. मला वाटलं आता पाणउतारा होणार. त्यांनी माझा डावा हात धरला, अंगठा वळवून बघितला, आणि एवढंच म्हणाल्या, "मी सातवी पास हाय, बाला. बचतगटाचं पुस्तक मी लिवते. येक डाव इचारायचास तरी."

सूनबाईचं बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी. त्यासाठी सुमनताईंनी किती दिवस पाटी उचलली नाही ते मी विचारलेलं नाही.

पुढच्या अधिवेशनात सरकारनेच दुरुस्ती आणली आणि कलम झालं. साहेब तोवर रिटायर झाले होते, पण पेढे घेऊन आले आणि प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन स्वतः भरवले. सावंत म्हणाला, "साहेब, शिव्यांची पहिली पोच मीच दिली, आज सकाळी." गटारावर फरशा बसल्या. कोपरीतला दिवा लागला आणि गॅलरीतल्या बाईंना पोच मिळाली. संघटनेच्या खोलीत भिंतीवर सुमनताईंच्या अर्जाची प्रत काचेत घालून टांगली आहे, अंगठ्यासकट. नवीन भरती झालेल्या पोरांना ती दाखवतात. आणि हे राज्यभर लागू झाल्यामुळे दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीत आमच्या घरीही एक करवाली मुलगी आली, मीनाने तिला सोसायटीसमोरच्या खड्ड्याचं सांगितलं, तिने पोच दिली आणि खड्डा खरंच बुजला. मीना ती पोच हातात नाचवत म्हणाली, "बघ हं, कोणीतरी डोकेबाज माणसाने काढलंय हे." मी म्हटलं, "असेल." आणि पेपरात डोकं घातलं. आतून मात्र मला लहान मुलासारखा आनंद झाला होता. तो आनंदही खराच आहे. या गोष्टीतलं मला हेच कोडं कधी सुटलं नाही, की जे चांगलं झालं त्यातही माझा हात आहे.

आता मी निरीक्षक आहे. या मार्चमध्ये प्रणालीला, आमच्या खात्यात नव्याने आलेल्या मुलीला, भाग दाखवायला कोलशेतला घेऊन गेलो. ढोल हल्ली बंद झालेत, मोबाईलवर मेसेज जातात. बंड्या आता फक्त वरातीचंच वाजवतो. अंगणात जवळा होता, मांजर होती, ती नसेल तर तिची नात असेल. प्रणाली अगदी सहज पायरीवर बसली, पाणी मागून प्यायली आणि वही उघडली. "काकी, काही तक्रार?"

तिला हे इतकं सोपं कसं जातं, मी बघत राहिलो.

सुमनताई आता थकल्यात, बाजारात सून जाते. त्यांनी प्रणालीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माजा कागद गेला ना कवाच वर. पार विधानसभेन. इचार ह्याना."

"अय्या, म्हणजे तुम्हीच त्या ढोलवाल्या सुमनताई?" प्रणाली उठून त्यांच्या पाया पडली.

"दवाखाना अजून नऊ ते एकच आहे का, ताई?" मी विचारलं. एवढी वर्षं लागली मला हा प्रश्न विचारायला.

"हाय तसाच. आता माजी सून धावते."

"मग द्या ना तक्रार," मी म्हटलं. "ही लगेच पोच देईल. मुदतीत उत्तर द्यावंच लागतं आता."

त्या हसल्या. रागाने नाही, खरंच गंमत वाटल्यासारख्या. "देन. पन लिवाचा तू. नि पयले वळीन लिवाचा, मागचा कागद माजा नव्हता. ते लिव, मग माजा सांगते, मग सही करते. मी सातवी पास हाय."

प्रणालीला वाटलं त्या थट्टा करतायत. तीही हसली. मीही हसलो, आणि आम्ही पुढच्या घरी गेलो.

तर सुमनताईंचं मी हे देणं लागतो. त्यांच्या अंगणात बसून, त्या सांगतील तसा लिहिलेला एक अर्ज. पहिल्या ओळीत, आधीचा अर्ज आणि अंगठा करवसुली खात्यातल्या पेठे याचा होता. त्यानंतर, गावचा दवाखाना दुपारी दोन तास उघडावा. खाली त्यांची सही, आणि माझ्या हातची पोच. त्याआधी कोपरीला जाऊन गायकवाड साहेबांना हे समोर बसून सांगायचं आहे. यातलं मी अजून काहीही केलेलं नाही.